कॅज्युअल्टीत हिरोचं काय काम?

'मुंबई डायरीज २६/११' ही मालिका सप्टेंबर २०२१मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली. निखिल अडवाणी आणि निखिल गोन्साल्विस यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत 'बॉम्बे जनरल हॉस्पिटल' नावाचं एक काल्पनिक सरकारी रुग्णालय आहे आणि तिथे तीन शिकाऊ डॉक्टर कामावर रुजू होतात. अहान मिर्झा, दिया पारेख आणि सुजाता अजावळे. त्यांचा कामाचा पहिला दिवस म्हणजे २६ नोव्हेंबर २००८.

कल्पना जबरदस्त आहे. ज्यांना अजून ट्रॉली कुठे ठेवतात हेही ठाऊक नाही, अशा तिघांवर थेट शहरातली सगळ्यात वाईट रात्र कोसळते. एक मुसलमान मुलगा, एक श्रीमंत घरातली मुलगी, एक दलित मुलगी. तिघांनाही या इमारतीत आपली जागा शोधायची आहे. बघणाऱ्याला वाटतं, आता आपल्याला कळेल की आपत्कालीन विभागात नवखा डॉक्टर घडतो कसा. कुणाशी काय बोलायचं, कुणाला कधी हाक मारायची, काय लिहून ठेवायचं, काय कधीच करायचं नाही, हे सगळं तो कुठून शिकतो.

मालिका आठ भागांत बरंच काही दाखवते, पण हे नाही. सोयीसाठी त्याला आपण 'वागणूक' म्हणू. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला 'व्यावसायिक आचरण' असा भारदस्त शब्द आहे. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की, आपला पडदा आपत्कालीन विभागातल्या माणसाचं शौर्य दाखवतो, वागणूक दाखवत नाही. आणि ही नुसती कलेतली उणीव राहत नाही. तिची किंमत कळव्याच्या, सायनच्या, केईएमच्या कॅज्युअल्टीत रोज कुणीतरी मोजतं.

नियम मोडणारा डॉक्टर

मालिकेच्या केंद्रस्थानी आहे डॉ. कौशिक ओबेरॉय. मोहित रैनाने तो फार ताकदीने केला आहे. ओबेरॉय हुशार आहे, रागीट आहे, घरी अपयशी आहे आणि नियमांना जुमानत नाही. सामान अपुरं असलं तर तो जुगाड करतो, वरिष्ठांना झिडकारतो. आणि प्रत्येक वेळी पटकथा त्याच्या बाजूने उभी राहते. नियम सांगणारा माणूस एकतर भित्रा असतो नाहीतर कारकुनी वृत्तीचा. शिकाऊ डॉक्टरांनी ओबेरॉयकडून काय शिकायचं? तर नियम बाजूला सार आणि जीव वाचव.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. २००३च्या 'मुन्नाभाई एमबीबीएस'मध्ये मुन्ना विचारतो की, कॅज्युअल्टीत आलेल्या माणसावर उपचार करण्याआधी फॉर्म का भरायचा? थिएटरभर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या खोट्या नव्हत्या. आपल्यातल्या प्रत्येकाने तो फॉर्म भरलेला आहे. पण एक गोष्ट त्या टाळ्यांत बुडून गेली. मुन्ना जे मागत होता तो तेव्हा नियमच होता. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला, 'इथे पोलीस केस घेत नाहीत' म्हणून एका रुग्णालयाने परत पाठवलं आणि तो दगावला. त्यावरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, आधी उपचार, मग पोलिसांची कागदपत्रं. आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू. म्हणजे जखमी माणसाला आधी हात लावणारा डॉक्टर बंडखोर नसतो, तो नियम पाळत असतो. 'फॉर्म आधी' म्हणणारा नियम मोडत असतो. आपल्या सिनेमाने हे उलटं करून ठेवलं आणि नियम म्हणजे माणुसकीचा शत्रू, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

'मुंबई डायरीज'मध्ये याच नियमाची सगळ्यात अवघड परीक्षा येते. जखमी पोलीस अधिकारी आणि जखमी अतिरेकी दोघंही डॉक्टरच्या टेबलावर येतात. अतिरेक्याचा जीव वाचवणाऱ्या डॉक्टरकडे शहर कसं बघेल? हा मालिकेचा सर्वोत्तम भाग आहे, कारण इथे वैद्यकाचा सर्वांत कोरडा वाटणारा नियम अचानक धगधगीत होतो: रुग्ण कोण आहे हे बघून उपचाराचा क्रम लावायचा नाही, जखम बघून लावायचा. खऱ्या २६/११लाही हे घडलं. गिरगाव चौपाटीवर पकडलेल्या कसाबला त्या रात्री नायर रुग्णालयात नेलं गेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. त्याच्यावर खटला चालू शकला, साक्षी झाल्या, निकाल लागला. त्याआधी कुणीतरी, मनात काय चाललं असेल ते बाजूला ठेवून, त्याचा रक्तदाब मोजला होता.

पण मालिका या क्षणाशी फार वेळ थांबत नाही. पार्श्वसंगीत वाढतं, कॅमेरा फिरतो आणि प्रश्न पुन्हा 'ओबेरॉय हिरो की खलनायक' असा होतो. शेजारी उभ्या असलेल्या नवशिक्या डॉक्टरच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, त्याने यातून कोणता धडा घेतला असेल, हे आपल्याला कळतच नाही.

कामा रुग्णालयातली रात्र

ज्या घटनेवर मालिका बेतलेली आहे, त्या घटनेतली खरी गोष्ट जास्त शांत आहे. कामा रुग्णालयात त्या रात्री अंजली कुलथे ही स्टाफ नर्स प्रसूतिपूर्व वॉर्डात ड्यूटीवर होती. अतिरेकी आवारात शिरल्यावर तिने वॉर्डाचे दरवाजे लावले, दिवे मालवले आणि वीस गर्भवती बायकांना वॉर्डाच्या टोकाच्या पँट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीला धरून प्रसूती कक्षापर्यंत नेलं. पुढे कुलथे यांनी कसाबला न्यायालयात ओळखलं आणि डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकिकत सांगितली.

या गोष्टीत एकही नियम मोडलेला नाही. आपल्या वॉर्डात किती रुग्ण आहेत हे तिला ठाऊक होतं. दार कुठलं, खोली कुठली हेही ठाऊक होतं. कळा सुरू झालेल्या बाईला 'थांब' म्हणता येत नाही, हेही. रोज नीट केलेलं काम त्या रात्री कामी आलं. याचं नाट्य रचणं कठीण आहे हे मान्य. पण शिकाऊ डॉक्टरला उपयोगी पडणारं नाट्य हेच आहे.

मालिकेत मानसी हिरानी ही पत्रकार आहे, श्रेया धन्वंतरीने केलेली. तिच्या थेट प्रक्षेपणामुळे आत अडकलेल्यांचे जीव धोक्यात येतात. हा धागा मात्र पटकथेने घट्ट धरला आहे आणि त्याला वास्तवाचा आधारही आहे. ऑगस्ट २०१२च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या रात्रीच्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले होते. आज तो कॅमेरा वाहिनीकडे राहिलेला नाही, तो सगळ्यांच्या खिशात आहे. नातेवाईक डॉक्टरचा व्हिडिओ काढतात. आणि कॅज्युअल्टी पोस्टिंगवर असलेले इंटर्नही 'माझी नाइट ड्यूटी' म्हणून रील टाकतात. मागे पडदा अर्धवट ओढलेला असतो, पडद्याखाली कुणाचे तरी पाय दिसत असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये आचरणाचे नवे नियम काढले, त्यात समाजमाध्यमांवर कसं वागावं हेही होतं. तीन आठवड्यांत ते नियम स्थगित झाले आणि २००२चेच नियम पुन्हा लागू झाले. तेव्हा रील हा शब्दसुद्धा नव्हता. पण रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे त्या जुन्या नियमांतही आहेच. पडद्याखालच्या पायांना तेवढं पुरतं.

पंधरा तासांची पाळी

आता दुसरी एक मालिका बघू. जानेवारी २०२५मध्ये आलेली 'द पिट'. पिट्सबर्गमधल्या एका आपत्कालीन विभागातली एकच पाळी, पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक तास. नोआ वायली यात विभागप्रमुख डॉ. रॉबी आहे. हाच नट १९९४मध्ये 'ईआर'मध्ये बावरलेला वैद्यकीय विद्यार्थी होता. इथेही पहिल्याच भागात नवे विद्यार्थी आणि इंटर्न येतात. म्हणजे 'मुंबई डायरीज'चाच ढाचा. फरक काय आहे, तो बघण्यासारखा आहे.

जवादी नावाची वीस वर्षांची हुशार विद्यार्थिनी पायाची एक भयानक जखम बघून पहिल्याच भागात चक्कर येऊन पडते. तिची थोडी थट्टा होते आणि ती पुन्हा कामाला लागते. व्हिटेकर नावाच्या विद्यार्थ्याचा पहिला रुग्ण, बोलता-चालता म्हातारा, अचानक जातो. व्हिटेकर छाती दाबत राहतो, थांबतच नाही. रॉबीला त्याला थांबवावं लागतं. नंतर दोघं बोलतात: काही चुकलं का, काय बघायला हवं होतं, आणि आता पुढच्या रुग्णाकडे कसं जायचं. विभागात कुणी गेलं की सगळे जण काही क्षण शांत उभे राहतात, त्या माणसाबद्दल एखादं वाक्य बोललं जातं, मग काम पुढे चालू. सांतोस ही इंटर्न औषधांच्या हिशेबात गडबड आहे हे ओळखते, संशय एका लोकप्रिय सीनियरवर जातो, आणि ती ते वरपर्यंत नेते. हीच सांतोस दुसऱ्या एका प्रसंगात एका असहाय रुग्णाला धमकावते. मालिका तिला शाबासकीही देत नाही आणि फासावरही चढवत नाही. ती शिकते आहे, एवढंच दिसतं.

'द पिट'ही निर्दोष नाही. तिलाही शेवटी सामूहिक गोळीबार लागतोच, रॉबीही शेवटी हिरोसारखाच कोसळतो. पण तिथे शिकाऊ डॉक्टरला शौर्याच्या आधी बोलणं शिकवलं जातं: 'मला हे येत नाही, मदत करा' हे म्हणणं. आपत्कालीन विभागात जीव वाचवणारं वाक्य बऱ्याचदा हेच असतं. 'मुंबई डायरीज'मधले शिकाऊ डॉक्टर हे वाक्य म्हणायला वेळच मिळू नये इतक्या घाईत असतात.

अमेरिकेचं ठीक आहे, असं कुणी म्हणेल. तिथे माणसं आहेत, खाटा आहेत. पण 'द पिट'मध्येही प्रतीक्षालय तुडुंब भरलेलं आहे, तासन् तास वाट बघून चिडलेला रुग्ण प्रमुख नर्सच्या तोंडावर ठोसा मारतो. हे दृश्य बघताना मराठी प्रेक्षकाला धुळे आठवायला हवं. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की, त्याचा डोळा गेला. राज्यभरातल्या निवासी डॉक्टरांनी सामूहिक रजा घेतली. २०१०पासून महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, तरीही. हिरो-डॉक्टर बघत वाढलेला समाज प्रत्येक कॅज्युअल्टीत हिरोच शोधतो. समोर थकलेला तेवीस वर्षांचा मुलगा दिसला, तोही नजर न उचलता 'पेशंट सीरियस आहे' एवढंच म्हणाला, की त्या समाजाला फसवलं गेल्यासारखं वाटतं.

कोपरहून कळव्यापर्यंत

हे सगळं मुंबईतलं नाही, आपल्याकडचंही आहे. कोपर स्टेशनवर सकाळी उभं राहून बघा. डोंबिवलीहून भरून आलेली लोकल इथे थांबते तेव्हा चढणाऱ्याला दारात पायाचा पंजा टेकवण्याइतकी जागा मिळाली तरी तो स्वतःला नशीबवान समजतो. पुढे दिवा, मुंब्रा, मग कळवा. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले. चार जण त्याच दिवशी गेले. जखमींना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेलं. त्याच्या वर्षभर आधी, २३ मे २०२४ला, डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्सचा स्फोट झाला आणि शहरातल्या रुग्णालयांत भाजलेल्या, काचांनी कापलेल्या माणसांची रांग लागली.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई ही रुग्णालयं आहेत. पण गंभीर रुग्णाच्या केस पेपरवर इथल्या लोकांना पाठ झालेली वाक्यं येतात: कळव्याला न्या, सायनला न्या. कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं, राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. म्हणजे तिथे भेटणारा पहिला डॉक्टर बहुतेकदा शिकाऊ असतो. ऑगस्ट २०२३मध्ये याच रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली, ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवल्याने भार वाढल्याची चर्चा झाली, मंत्री येऊन गेले.

त्या रात्री वॉर्डात उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरांबद्दल आपल्याला काय माहीत आहे? काहीच नाही. त्यांनी अठरा कुटुंबांना ती बातमी कशी सांगितली? उभ्याने की बसून? 'गेले' हा शब्द उच्चारला की 'प्रयत्न चालू आहेत' म्हणत अर्धा तास काढला? बातमीत आकडा आला, साहित्यात तर काहीच आलं नाही. मृत्यूची बातमी कशी द्यावी, याची पद्धत आता शिकवली जाते: शांत जागा शोधा, खाली बसा, नातेवाइकांना काय माहीत आहे ते आधी विचारा, स्पष्ट शब्द वापरा, मग गप्प राहा. २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद असा स्वतंत्र भागही आला. पण शांत जागा शोधा, हे वाक्य कळव्याच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून वाचलं तर हसू येईल.

इथेच वागणुकीच्या चर्चेतली खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. वागणूक नेहमी सर्वांत खालच्या माणसाकडून मागितली जाते. केंद्र सरकारच्या १९९२च्या निवासी डॉक्टर योजनेत दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा लिहिलेली आहे. कुठल्याही सरकारी रुग्णालयातल्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला हे वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. तीस तास जागलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणं, हा एक प्रकारचा अन्यायच आहे. तरीही रुळांवरून उचलून आणलेल्या माणसाच्या आईला याच्याशी देणंघेणं नसतं. तिला एक वाक्य हवं असतं आणि ते तिला मिळायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चांगलं लेखन इथूनच सुरू होऊ शकतं.

दुसरी अडचण म्हणजे उतरंड. शिकाऊ डॉक्टर वागणूक पुस्तकातून शिकत नाही, सीनियरकडून शिकतो. सीनियर 'मामा'वर खेकसला की तोही खेकसतो. डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नंबर पाच, केईएम'सारख्या आठवणी आपण आवडीने वाचतो. गुरूकडे बघून शिकण्याची ती परंपरा खरी आहे, मोठीही आहे. पण आठवणी तेच लिहितात जे त्या उतरंडीत वर पोहोचले. मे २०१९मध्ये नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. सीनियरांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला, खटला उभा राहिला. सहकाऱ्याशी कसं वागायचं, हा आचरणाच्या नियमांतला शिष्टाचाराचा भाग मानला जातो. त्या मे महिन्यानंतर त्याला शिष्टाचार म्हणायची हिंमत होत नाही. 'मुंबई डायरीज'ने सुजाता अजावळे हे पात्र उभं केलं, मृण्मयी देशपांडेने ते जीव ओतून केलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण बाहेर गोळ्या सुटत असताना आतला अपमान लहान वाटायला लागतो. पटकथेला ते सोयीचं पडलं. बॉम्बस्फोट, पूर, हल्ला यांतल्या कशाचीही सोबत नसलेला साधा मंगळवार सुजाताला मिळाला असता, तर तिची गोष्ट सांगावीच लागली असती. दुसऱ्या हंगामात, २०२३मध्ये, तिच्या वाट्याला पूर आला.

मागणी

समीक्षेने केवळ उणिवा मोजू नयेत, काय हवं तेही सांगावं. मराठीत डॉक्टरांनी लिहिलेलं भरपूर आहे, डॉक्टरांवर लिहिलेलंही आहे. नाही ते कॅज्युअल्टीतल्या इंटर्नचं. इंटर्नशिपच्या वर्षात त्याची तिथे जेमतेम दोन आठवड्यांची पोस्टिंग असते. त्या दोन आठवड्यांत तो पहिल्यांदा कुणाचा तरी मृत्यू लिहितो, पहिल्यांदा पोलिसाला एमएलसीचा तपशील सांगतो, पहिल्यांदा पाळी बदलताना पुढच्या डॉक्टरला रुग्ण सोपवतो. हे सोपवणं मला सगळ्यात नाट्यमय वाटतं. चार वाक्यं असतात: हा कोण, याला काय झालं, आतापर्यंत काय केलं, आता काय करायचं आहे. यातलं एक वाक्य राहून गेलं तर सकाळपर्यंत माणूस जातो, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

कुणीतरी हे लिहावं. कळव्याची कॅज्युअल्टी, रात्रीचे अडीच, दारूच्या नशेत डोकं फुटलेला एक, छातीत दुखतंय म्हणणारा एक, आणि रुळांवरून आणलेला एक अनोळखी, ज्याच्या खिशात कोपरचा पास आहे. पासावरचं नाव वाचून इंटर्नने त्याला नावाने हाक मारली की 'तो ट्रेनवाला' म्हटलं, एवढ्या एका गोष्टीवर एक अख्खा भाग उभा राहील. त्यात कुणी नियम मोडायची गरज नाही. त्याने फोन उचलून सीनियरला उठवावं, शिव्या खाव्यात, आणि पहाटे पासावरच्या पत्त्यावरून आलेल्या बाईला कॉरिडॉरच्या टोकाला एक स्टूल ओढून द्यावं, मग दुसरं स्टूल ओढून स्वतः तिच्यासमोर बसावं.